दर्यावरील पहारा व निशाणांची भाषा

आमचा साखरखेर्डा गांव बुलढाणा जिल्ह्याच्या सिंदखेडराजा तालुक्यांत आहे. येथून समुद्र दोनशें मैलांहून अधिक दूर. इतिहासांत गांवाचें नांव येतें तें १७२४ च्या ऑक्टोबर महिन्यांत झालेल्या लढाईमुळें. निजाम-उल्-मुल्कानें मुबारिजखानाचा येथें पराभव केला आणि दक्षिणेंतील आपल्या राज्याचा पाया घातला. ती लढाई घोड्यांची व तोफांची; गलबताचा तिच्याशीं कांहीं संबंध नाहीं. गांवच्या वृद्धांनीं पाणी पाहिलें तें विहिरीचें, नदीच्या पुराचें, आणि फार झालें तर लोणारच्या सरोवराचें. अशा ठिकाणीं बसून आम्हीं जहाजावरील पहाऱ्याविषयीं लिहावें, हें वाचकांस चमत्कारिक वाटेल. परंतु त्यास दोन कारणें आहेत. एक तर ज्या पुरुषानें महाराष्ट्राचें आरमार उभारलें, त्याच्या मातोश्रींचें माहेर आमच्याच तालुक्यांतील सिंदखेडचें. दुसरें कारण अधिक निकडीचें आहे. आतां आमच्या भागांतील मुलें, आणि मुलीहि, नौदलाच्या भरतीच्या जाहिराती वाचूं लागलीं आहेत. घरांत तशी गोष्ट निघाली कीं वडीलधारी माणसें विचारतात, "तेथें काम तें काय? निशाणें हालवावयाचीं आणि रात्रीं जागत बसावयाचें! एवढ्यासाठीं का मुलाला शिकविलें?" प्रश्न रास्त आहे. त्याचें उत्तर देण्याचा या लेखाचा हेतु आहे.

प्रथम जागण्याची गोष्ट पाहूं. जमिनीवरचा माणूस रात्रीं दाराला कडी घालून स्वस्थ निजतो, कारण घर जागचें हालत नाहीं. जहाजाचें तसें नाहीं. तें रात्रींहि चालतच असतें. त्याच्या खालीं खडक असतो, समोरून दुसरें जहाज येत असतें, पोटांत यंत्रें धडधडत असतात. म्हणून जहाजावरील सर्व माणसें एकाच वेळीं कधींहि निजत नाहींत. चोवीस तासांचे भाग पाडून एकेक भाग एकेका तुकडीच्या हवालीं केलेला असतो. रात्रीं आठ ते बारा हा पहिला पहारा, बारा ते चार मधला, चार ते आठ सकाळचा. पुढें आठ ते बारा पूर्वाह्णाचा आणि बारा ते चार अपराह्णाचा. सायंकाळच्या चार ते आठ या वेळाचे मात्र दोन-दोन तासांचे दोन तुकडे पाडतात. असे एकूण पहारे सात होतात.

सहा न करितां सात कां केले? वाचकांनीं बोटांवर मोजून पाहावें. दोन तुकड्या आळीपाळीनें पहारा करीत आहेत असें समजा. सहा पहारे असते तर सहा ही समसंख्या असल्यामुळें जी तुकडी आज मध्यरात्रीं उठली तीच उद्यां, तीच परवां उठली असती, आणि दुसरी तुकडी कायम सुखानें निजली असती. सात केल्यामुळें पाळी रोज एकेक घर पुढें सरकते व कष्टाची वांटणी आपोआप सारखी होते. कोणाचें मन राखावें लागत नाहीं, कोणास तक्रार करावी लागत नाहीं. न्याय गणितांतच बसविलेला आहे. मोठ्या एकत्र कुटुंबांत सुनांच्या कामाच्या पाळ्या लावणाऱ्या सासूबाईंनीं ही युक्ति अवश्य लक्षांत घ्यावी.

आपल्याकडील कालगणनेशींहि हा हिशेब चांगला जुळतो. अहोरात्राच्या साठ घटिका. एक घटिका चोवीस मिनिटांची. म्हणजे चार तासांचा पहारा बरोबर दहा घटिकांचा झाला. जहाजावर दर अर्ध्या तासानें, म्हणजे सव्वा घटिकेनें, घंटेचे ठोके देण्याची रीत आहे. पहाऱ्याच्या पहिल्या अर्ध्या तासानंतर एक ठोका, दुसऱ्यानंतर दोन, असें करीत आठ ठोके पडले कीं पहारा संपला. पूर्वीं यासाठीं अर्ध्या तासाचें वाळूचें घड्याळ असे. एक पोरगा तें उलटें करी आणि घंटेवर ठोका मारी. लग्नघरीं घंगाळांत घटिकापात्र सोडून त्याच्याकडे टक लावून बसणारे जोशीबुवा ज्यांनीं पाहिले असतील, त्यांना त्या पोराची जबाबदारी वेगळी समजावून सांगावयास नको. त्याची डुलकी लागली तर सर्व जहाजाचा काळ चुकावयाचा.

परंतु पहाऱ्याचें खरें मर्म जागण्यांत नाहीं, तें पहारा हवालीं करण्यांत आहे. नवा अधिकारी आपली वेळ होण्यापूर्वींच वर येतो. उजेडांतून आलेल्या डोळ्यांस अंधार दिसूं लागण्यास कांहीं मिनिटें लागतात, तीं त्यानें आधींच घालवावयाचीं असतात. मग तो नोंदवही वाचतो. दिशा कोणती, वेग किती, वारा कोठून, कोणकोणते दिवे दिसत आहेत, कप्तानानें काय आज्ञा ठेविली आहे, हें सर्व तो पूर्वीच्या अधिकाऱ्याकडून ऐकून घेतो. "पहारा मीं घेतला" असें त्यानें स्पष्ट शब्दांत म्हणेपर्यंत जुना अधिकारी जागा सोडीत नाहीं. जहाज एखादें वळण घेत असेल, कोणास चुकवीत असेल, तर तें काम पुरें होईपर्यंत हवाला होत नाहीं. आणि येणारा माणूस आजारी आहे, झिंगलेला आहे, किंवा अन्य कारणानें असमर्थ आहे असें दिसलें, तर त्याच्या स्वाधीन जहाज करूं नये व कप्तानास कळवावें, असा आंतरराष्ट्रीय नियमच आहे. "माझी वेळ संपली, आतां तुझें तूं पाहा" ही भाषा तेथें चालत नाहीं. जहाजांच्या टकरी टाळण्यासाठीं १९७२ सालीं जे आंतरराष्ट्रीय नियम ठरले, त्यांतील पांचवा नियम सांगतो कीं प्रत्येक जहाजानें सर्वकाळ डोळ्यांनीं आणि कानांनीं नीट लक्ष ठेविलें पाहिजे. लक्षावधि टनांचें तेलवाहू जहाज असो कीं लहान मचवा असो, यांतून कोणासहि सूट नाहीं.

आतां बोलण्याची गोष्ट घेऊं. जहाजावर आज्ञा दिली जाते ती एकदां उच्चारून संपत नाहीं. सुकाणू उजवीकडे अमुक अंश फिरवावें असें अधिकारी म्हणाला, कीं सुकाणूवरील नाविक प्रथम तेच शब्द जसेच्या तसे उलट म्हणतो, मग सुकाणू फिरवितो, आणि तें फिरल्यावर "फिरलें" असें पुन्हां कळवितो. एका लहानशा आज्ञेसाठीं तीन वेळां बोलणें, हा नवख्या माणसास निव्वळ पोरखेळ वाटतो. आम्ही आयुष्यभर शाळेंत शिकविलें असल्यामुळें आम्हांस त्याचें मोल चांगलें कळतें. वर्गांत "समजलें का?" असें विचारलें तर साठ मुलें एका सुरांत "हो" म्हणतात, आणि मग एकास उभें करून "काय समजलें तें सांग" म्हटलें, म्हणजे खरी स्थिति बाहेर पडते. पूर्वीं वेदपाठशाळेंत गुरूनें एकदां म्हटलेलें शिष्यानें पुन्हां म्हणून दाखवावयाचें असे, आणि गुरु तें ऐकून घेई, तें याचसाठीं. शब्द परत आला नाहीं तोंपर्यंत तो पोहोंचला असें धरूं नये.

हेंच तत्त्व निशाणांच्या भाषेंत फार सुंदर रीतीनें बसविलेलें आहे. एका जहाजावरून दुसऱ्या जहाजाशीं निशाणांनीं बोलण्याची व्यापारी जहाजांसाठींची पद्धति १८५७ सालीं इंग्लंडांत प्रसिद्ध झाली. तेव्हां अठरा निशाणें होतीं. पुढें अनेक राष्ट्रांनीं मिळून तींत सुधारणा केल्या, आणि आजची पद्धति १९६९ च्या एप्रिलपासून चालू आहे. तींत वर्णमालेचीं सव्वीस निशाणें, अंकांच्या दहा निमुळत्या पताका, पुनरुक्तीसाठीं तीन त्रिकोणी निशाणें आणि उत्तराची एक पताका, असा चाळिसांचा संच असतो. रंग अवघे पांच: तांबडा, निळा, पिवळा, काळा व पांढरा. दुरून, धुक्यांतून, हालत्या जहाजावरून एकमेकांपासून वेगळे ओळखूं येतील असेच रंग निवडलेले आहेत.

प्रत्येक अक्षराचें निशाण शब्द जुळविण्यास उपयोगी पडतेंच. परंतु बहुतेक निशाणांस एकट्यानेंहि पूर्ण वाक्याचा अर्थ असतो. उदाहरणार्थ, निळ्या चौकटींतील पांढरा चौकोन, म्हणजे 'पी' हें अक्षर, बंदरांत चढलें कीं "जहाज निघण्याच्या बेतांत आहे, सर्वांनीं जहाजावर यावें." कर्णरेषेनें तांबडा व पिवळा असे दोन भाग केलेलें 'ओ' म्हणजे "माणूस पाण्यांत पडला." संपूर्ण पिवळें 'क्यू' म्हणजे "जहाजावर रोगराई नाहीं, बंदरांत येण्याची परवानगी असावी." तांबड्या-पांढऱ्या चार चौकोनांचें 'यू' म्हणजे "तुम्ही धोक्यांत चाललां आहां." 'डब्ल्यू' म्हणजे "वैद्याची मदत पाहिजे." या वाक्यांचीं कोष्टकें निरनिराळ्या भाषांत छापलेलीं असतात, त्यामुळें जपानी कप्तानानें चढविलेलें निशाण ग्रीक कप्तान आपल्या भाषेंत वाचतो. दोघांस एकमेकांची भाषा न येतां संभाषण होतें. पाणिनीच्या सूत्रांत एकेका अक्षराच्या संज्ञेनें केवढा अर्थ सांठविला आहे हें ज्यांनीं अभ्यासिलें आहे, त्यांस या लाघवाचें कौतुक वाटल्यावांचून राहणार नाहीं.

आणि आतां ती उत्तराची पताका पाहा. तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांची ही निमुळती पताका दुसऱ्या जहाजाचा संदेश दृष्टीस पडतांच प्रथम अर्ध्यावरच चढवितात. त्याचा अर्थ, "तुमचीं निशाणें दिसलीं." मग ग्रंथ उघडून अर्थ लाविला, तो पुरता उमगला, म्हणजे तीच पताका दोरीच्या टोंकापर्यंत नेतात. त्याचा अर्थ, "समजलें." दिसणें आणि समजणें या दोन अवस्था वेगळ्या आहेत, आणि त्या वेगळ्या कळविल्या पाहिजेत, हें दर्यावर्द्यांनीं ओळखलें होतें. हल्लीं घरोघरीं भ्रमणध्वनीवर निळ्या खुणा उमटतात. त्या पाहून निरोप पोहोंचला, काम झालें, असें मानून स्वस्थ बसणाऱ्यांची संख्या थोडी नाहीं. ती खूण अर्ध्यावरील पताका आहे. पुरती चढलेली नव्हे.

नौदलाच्या स्वतःच्या निशाणाचीहि या संदर्भांत सांगण्याजोगी कथा आहे. स्वातंत्र्यानंतर, २६ जानेवारी १९५० पासून, नौदलाच्या पांढऱ्या निशाणाच्या कोपऱ्यांत तिरंगा आला. परंतु इंग्रजी अमदानींतील तांबडा क्रूस तसाच राहिला. २००१ सालीं तो काढून निळ्या रंगांत नौदलाचें चिन्ह घातलें. हेतु उत्तम, पण निळ्या आकाशापुढें व निळ्या पाण्यावर तें निळें चिन्ह दुरून नीट ओळखूं येईना, म्हणून २००४ सालीं क्रूस परत आणावा लागला. निशाण प्रथम दिसलें पाहिजे, हा धडा यांत आहे. अखेर २ सप्टेंबर १९२२ नव्हे, तर त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनीं, २ सप्टेंबर २०२२ रोजीं, कोचीन येथें नवें निशाण फडकलें. त्यांतील सोनेरी कांठाची निळी अष्टकोनी आकृति शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून सुचलेली आहे. सिंदखेडच्या जाधवांच्या नातवाची मुद्रा आज हिंदुस्थानच्या प्रत्येक युद्धनौकेवर आहे, ही गोष्ट आमच्या तालुक्यांतील मुलांस कोणी तरी सांगितली पाहिजे.

निशाण उतरविणें व चढविणें यांत केवढा अर्थ भरलेला असतो, तें मुंबईनें १९४६ च्या फेब्रुवारींत पाहिलें. कुलाब्यास 'तलवार' नांवाचा नौदलाचा किनाऱ्यावरील तळ होता. तेथें संदेशवाहनाचें शिक्षण दिलें जाई. बिनतारी यंत्र चालविणारे, निशाणें वाचणारे असे तरुण तेथें तयार होत. या कामास वाचतां-लिहितां येणारीं मुलें लागत, आणि जगांतील बातमी प्रथम त्यांच्याच कानीं पडे. निकृष्ट अन्न, गोऱ्या व काळ्या नाविकांतील भेदभाव, कमांडर किंग या अधिकाऱ्याची शिवराळ भाषा, आणि आझाद हिंद सेनेच्या खटल्यांनीं तापलेलें वातावरण, या सर्वांचा परिपाक होऊन १८ फेब्रुवारी रोजीं तेथील नाविकांनीं अन्न व काम दोन्ही नाकारलीं. बातमी बिनतारी यंत्रानें जहाजाजहाजांवर पोहोंचली. ७८ जहाजें, किनाऱ्यावरील २० ठाणीं आणि सुमारें २०,००० नाविक या उठावांत सामील झाले. त्यांनीं नेमिलेल्या मध्यवर्ती समितीचे अध्यक्ष एम्. एस्. खान हे निशाणांचे काम करणारे, आणि उपाध्यक्ष मदनसिंग हे बिनतारी संदेशांचे काम करणारे होते. ही निवड यदृच्छेनें झाली असें आम्हांस वाटत नाहीं. ज्यांच्या हातीं शब्द होता त्यांच्याच हातीं पुढारीपण आलें.

त्या दिवसांत मुंबई बंदरांतील जहाजांवरून ब्रिटिशांचें निशाण उतरलें आणि काँग्रेसचा तिरंगा, लीगचा हिरवा व कम्युनिस्टांचा तांबडा असे तीन बावटे एकत्र चढले. २१ तारखेस कॅसल बरॅक्स येथें गोळीबार झाला. २२ तारखेस शहरांत हरताळ पडला आणि पोलिसांच्या व लष्कराच्या गोळीबारांत दोनशेंहून अधिक नागरिक प्राणांस मुकले. शेवटीं सरदार पटेलांच्या सल्ल्यावरून समितीनें शरणागति पत्करिली, आणि २३ फेब्रुवारीच्या सकाळीं जहाजांवर काळीं निशाणें चढलीं. आठवड्याच्या आंत एकाच काठीवर तीन निरनिराळीं निशाणें फडकलीं, आणि प्रत्येकाचा अर्थ किनाऱ्यावर जमलेल्या अडाणी हमालासहि कळला. उठावांतील अनेक नाविकांस नोकरींतून काढून टाकण्यांत आलें. स्वातंत्र्य आल्यावरहि त्यांस ना हिंदुस्थानच्या नौदलानें परत घेतलें, ना पाकिस्तानच्या. कॅसल बरॅक्सला मात्र पुढें कान्होजी आंग्रे यांचें नांव मिळालें. ज्या भिंतींवर गोळ्या आदळल्या त्यांवर आज आमच्या सरखेलांचें नांव आहे.

निशाण दिवसाचें, रात्रीं दिव्याची उघडझांप करून मोर्सच्या खुणांनीं बोलतात. दोघांसहि दृष्टीची मर्यादा आहे. क्षितिजापलीकडे शब्द नेला तो बिनतारी यंत्रानें. पण यंत्र आलें म्हणून पहारा सुटला नाहीं, हें जगास फार मोठी किंमत देऊन शिकावें लागलें. १४ एप्रिल १९१२ च्या रात्रीं ११ वाजून ४० मिनिटांनीं 'टायटॅनिक' जहाज बर्फाच्या डोंगरावर आदळलें. त्याच्या आसपास 'कॅलिफोर्नियन' नांवाचें जहाज बर्फामुळें थांबलेलें होतें. त्यावर बिनतारी यंत्र होतें, परंतु तें चालविणारा माणूस एकच. दिवसभर काम करून दमलेल्या त्या माणसानें अपघातापूर्वीं कांहीं मिनिटेंच यंत्र बंद केलें व तो निजला. पहाऱ्यावरील अधिकाऱ्यांस दूर आकाशांत पांढरे बाण फुटतांना दिसले. त्यांनीं दिव्यानें खुणा करून पाहिल्या, कप्तानास सांगितलें. पण यंत्रवाल्यास उठवावें असें सकाळपर्यंत कोणास सुचलें नाहीं. दिसलें होतें, समजलें नव्हतें. सुमारें पंधराशें माणसें बुडालीं. जीं सातशें वांचलीं तीं 'कार्पेथिया' या दूरच्या जहाजामुळें. त्याचा यंत्रवाला देखील निजण्याच्या तयारींतच होता, परंतु त्याच्या कानाला यंत्र अजून लावलेलें होतें! या अनर्थानंतर १९१४ सालीं लंडन येथें राष्ट्रांनीं एकत्र येऊन समुद्रावरील जीवित-रक्षणाचे नियम केले, आणि मोठ्या प्रवासी जहाजांवर बिनतारी यंत्राजवळ अहोरात्र पहारा ठेवण्याचें तत्त्व मान्य झालें.

हें झालें परदेशचें. आमच्या कोंकणकिनाऱ्यावरची गोष्ट याहून जिव्हारीं लागणारी आहे. १७ जुलै १९४७, गुरुवार. स्वातंत्र्यास महिनाहि उरला नव्हता. आषाढी अमावास्येच्या तोंडावर मुंबईंतील चाकरमानी माणसें रेवसमार्गें आपापल्या घरीं निघालीं होतीं. सकाळीं आठच्या सुमारास 'रामदास' बोट सुमारें सातशें माणसें घेऊन भाऊच्या धक्क्यावरून सुटली. पावसाळी हवा, उसळलेला दर्या. काश्याच्या खडकाजवळ लाटांच्या तडाख्यांत बोट एका बाजूस कलली. भयभीत उतारू दुसऱ्या बाजूस धांवले. आणि थोड्या वेळांतच बोट उलटली. सहाशेंहून अधिक माणसें गेलीं. कित्येक गांवांत एकेका आळींतून अनेक प्रेतयात्रा निघाल्या असतील. कित्येक घरांस प्रेतहि मिळालें नसेल.

हें कोठें घडलें? मुंबईच्या दाराशीं. हिंदुस्थानांतील सर्वांत मोठ्या बंदरापासून, जेथें दहा-वीस जहाजें सदैव उभीं असतात तेथून, तासाभराच्याहि वाटेवर नव्हे. आणि मुंबईस हें कळलें केव्हां? दुपारीं. कारण 'रामदास' बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतें. लाटांशीं झुंजत वांचलेली माणसें किनाऱ्यास लागलीं, तेव्हां त्यांच्या तोंडून शहरानें वार्ता ऐकिली. मधल्या तासांत जीं माणसें फळीला, पिंपाला, एकमेकांना धरून तरंगत होतीं, त्यांच्यासाठीं कोणीहि निघालें नाहीं, कारण कोणास ठाऊकच नव्हतें. मदतीस आले ते रेवसकडून मासळी घेऊन येणारे कोळी. त्यांनीं आपल्या होड्यांतील मासळी समुद्रांत टाकून दिली आणि त्या जागीं माणसें घेतलीं. त्यांना कोणी संदेश पाठविला नव्हता. पण त्यांचा डोळा पाण्यावर होता. पहारा म्हणतात तो हाच.

"निशाणें हालवावयाचीं आणि जागत बसावयाचें" या कामाची किंमत काय, असें ज्यांस विचारावयाचें असेल त्यांनीं या दोन रात्री-दिवसांचा विचार करावा. पहिल्या प्रसंगीं यंत्र होतें, पण जागा माणूस नव्हता. दुसऱ्या प्रसंगीं सातशें माणसें जागीं होतीं, पण शब्द न्यावयास साधन नव्हतें. दोहोंपैकीं एक नसलें कीं दुसरें व्यर्थ होतें.

आज साधनांची कमतरता उरलेली नाहीं. १९९९ च्या फेब्रुवारीपासून संकटसूचनेची जगद्व्यापी उपग्रहयोजना पूर्णपणें अंमलांत आहे. जहाज बुडूं लागतांच त्यावरील यंत्र आपण होऊन आपलें स्थान कळवूं शकतें. तरीहि निशाणें कपाटांत गेलीं नाहींत. युद्धकाळीं बिनतारी यंत्र उघडलें कीं शत्रूला आपला ठाव लागतो. तेव्हां जवळच्या जहाजाशीं मुकाट्यानें बोलावयास निशाण व दिवा हेच कामीं येतात. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्रीं 'निपात', 'निर्घात' व 'वीर' या तीन क्षेपणास्त्र-नौकांनीं कराचीवर जो हल्ला केला, त्या मोहिमेंत आमचे नाविक यंत्रावर रशियन भाषेंत बोलत होते. त्यांचें शिक्षण रशियांत झालेलें असल्यामुळें तें त्यांस सहज साधलें, आणि चोरून ऐकणाऱ्यास पत्ता लागला नाहीं. संदेश योग्य माणसास कळावा हें जितकें महत्त्वाचें, तितकेंच तो अयोग्य माणसास कळूं नये हेंहि महत्त्वाचें.

पहाऱ्याचेंहि तसेंच. कमांडर दिलीप दोंदे यांनीं ऑगस्ट २००९ मध्यें मुंबईहून निघून मे २०१० मध्यें पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली. गोव्यांत बांधलेल्या 'म्हादेई' या शिडाच्या नौकेवर ते एकटे होते. एकट्यानें शिडाच्या नौकेंतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले हिंदी गृहस्थ. तेथें पहारा हवालीं करावयास दुसरें कोणी नव्हतें. झोंप तुकड्यातुकड्यांनींच घ्यावयाची. पुढें ऑक्टोबर २०२४ ते मे २०२५ या काळांत लेफ्टनंट कमांडर दिलना के. व रूपा ए. या दोन स्त्री-अधिकाऱ्यांनीं 'तारिणी' नौकेवरून गोव्याहून निघून पृथ्वीप्रदक्षिणा केली. दोघींच्याच आळीपाळीच्या पहाऱ्यावर ती नौका दक्षिणेकडील प्रचंड सागरांतून पार पडली. एक निजली तर दुसरी जागी. एकीच्या झोंपेची हमी दुसरीचे डोळे. घरांत आजारी माणसाच्या उशाशीं जावांनीं आळीपाळीनें रात्री काढल्याचें ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांस यांत स्त्रियांस अशक्य असें काय आहे, तें आम्हांस समजत नाहीं.

नौदलाचें ब्रीद तैत्तिरीय उपनिषदांतील शांतिमंत्रावरून घेतलेलें असून तें वरुणास उद्देशून आहे. वरुण आम्हांस कल्याणकारी होवो, असा त्याचा भाव. पुष्कळांस वाटतें कीं वरुण म्हणजे केवळ पाण्याचा देव. परंतु ऋग्वेदांत त्याचें मुख्य लक्षण जागरूकता हें आहे. त्याचे स्पश, म्हणजे टेहळणी करणारे, सर्वत्र बसलेले वर्णिले आहेत. आकाशांतील पक्ष्यांची आणि समुद्रावरील नौकांची वाट त्यास ठाऊक असते असें तेथें म्हटलें आहे. ज्या देवतेस आपल्या पूर्वजांनीं समुद्र दिला, तिला त्यांनीं पहाराहि दिला. ब्रीद निवडणाऱ्यांनीं योग्य देवता निवडली यांत शंका नाहीं.

तेव्हां ज्यांच्या घरीं मुलगा अथवा मुलगी हा विषय काढील, त्या वडीलधाऱ्यांस आमची एवढीच विनंति कीं होकार अथवा नकार घाईनें देऊं नये. या नोकरींत झोंप मोडते, सणावारीं घर अंतरतें, महिनेच्या महिने मुलाचें तोंड दिसत नाहीं; हें आधीं त्याला आणि त्याच्या आईला मोकळेपणीं सांगावें. मग त्याची परीक्षा पाहावी, आणि ती घरांतच पाहतां येते. शेजारगांवच्या मामांकडे एक लांबलचक निरोप त्याच्या तोंडीं पाठवावा, आणि तो शब्दशः पोहोंचला कीं नाहीं व उत्तर शब्दशः आलें कीं नाहीं तें पाहावें. शेताची राखण करावयाच्या दिवसांत एक रात्र त्याला एकट्याला माळ्यावर बसवावें, आणि दुसरा येण्यापूर्वीं तो खालीं उतरतो कीं काय तें पाहावें. या दोन गोष्टींत जो उतरला त्याला कवाईत, पोहणें, यंत्रविद्या हें सर्व शिकवावयास सरकारी शाळा समर्थ आहेत. या दोन गोष्टी मात्र घरांतूनच घेऊन जाव्या लागतात.

मुलानें आपलें निशाण चढविलें आहे. तें आम्हां वृद्धांस दिसलें, एवढ्यानें भागणार नाहीं. त्याचा अर्थ नीट लावावा, आणि मगच आपली पताका वर न्यावी.